इंग्रजीतला ‘लीन’: बारीक, काटक की कृश?

बारीक माणसासाठी इंग्रजीत शब्दांना तोटा नाही. थिन, स्लिम, स्लेंडर, स्किनी, लँकी, गॉन्ट, वायरी अशी रांगच लागते. त्यात ‘लीन’ हा शब्द सगळ्यांत जास्त फिरतो आणि सगळ्यांत जास्त चुकतो. जिमवाला तो वापरतो, गॅरेजवाला वापरतो, दूध संघाचा अधिकारी, स्थापत्य अभियंता, क्रिकेटचा वार्ताहर, सगळेच वापरतात. शब्दकोशात ‘कृश, रोड, बारीक’ असा अर्थ मिळतो, आणि तेवढ्यावर वाक्य रचलं की हमखास फसतं.

फसायचं कारण असं की ‘बारीक’ हा आकार सांगणारा शब्द आहे. दोरा बारीक, अक्षर बारीक, रवा बारीक, माणूस बारीक. ‘लीन’ला आकाराशी फारसं देणंघेणं नाही. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘थिक’ नसून ‘फॅट’ आणि काही ठिकाणी ‘रिच’ आहे. म्हणजे भर, स्निग्धता, सुकाळ, साठा. समोरच्या वस्तूत असा भर असू शकत असेल आणि तो कमी असेल, तरच ‘लीन’ बसतो. कागदात चरबी नसते, म्हणून ‘लीन पेपर’ होत नाही. आमटी पातळ झाली तर ती ‘थिन’. ‘लीन’ म्हटलं तर ऐकणारा तवंग नसलेली आमटी समजेल. मात्र मटण, मोसम, माती, पेट्रोलचं मिश्रण यांत ‘भर’ कमी-जास्त होतो, म्हणून तिथे शब्द चपखल बसतो.

एवढं पक्कं केलं की उरतो एकच प्रश्न: जे कमी आहे ते हवं होतं की नको होतं? चरबी नको होती, म्हणून खेळाडूला ‘लीन’ म्हटलं की कौतुक. दूध हवं होतं, म्हणून ‘लीन सीझन’ म्हटलं की चिंता.

माणसांपासून सुरुवात करू. ‘लीन’ माणूस म्हणजे अंगावर फाजील मांस नाही, पण जे आहे ते कामाचं. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘काटक’, तरी तंतोतंत तोही नाही. काटकपणात चिवटपणा, सोसण्याची ताकद येते; तो अर्थ इंग्रजीत ‘वायरी’ अधिक नेमका पकडतो. ‘लीन’मध्ये ताकद गृहीत असते, चिवटपणा असेलच असं नाही. ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ, दिसायला बरा. ‘स्लेंडर’ म्हणजे शेलाटा. त्यात डौल आहे, ताकदीबद्दल काही म्हणणं नाही. ‘लँकी’ म्हणजे उंच, शिडशिडीत आणि हातापायांचा मेळ नीट न बसलेला. ‘स्किनी’ म्हणजे किडकिडीत. मित्रामित्रांत चालतं, पण दुसऱ्याच्या लेकराला म्हणाल तर आईच्या कपाळाला आठी पडेल. ‘स्क्रॉनी’ त्याहून खालचा, आपल्याकडचं पाप्याचं पितर. ‘गॉन्ट’ म्हणजे आजाराने, उपासमारीने किंवा काळजीने खंगलेला, गालफडं बसलेला. ‘थिन’ यांतला सर्वांत बेचव. तो नुसती नोंद करतो.

लग्नाच्या बायोडाट्यात ‘सडपातळ’चं भाषांतर ‘लीन’ करू नका. तिथे ‘स्लिम’च हवा. ‘लीन’ म्हटलं की मुलीचं वर्णन तिच्या प्रशिक्षकाने किंवा आहारतज्ज्ञाने केल्यासारखं वाटतं. धावपटू, गिर्यारोहक, कबड्डीतला चढाईपटू, सायकलपटू यांच्यासाठी मात्र बाईला आणि पुरुषाला सारखाच शोभतो. जनावराच्या बाबतीत पारडं फिरतं: ‘लीन कॅटल’ म्हणजे बरगड्या मोजता येतील अशी हडकलेली गुरं. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातल्या ४१व्या अध्यायात फारोच्या स्वप्नात सात धष्टपुष्ट गाईंना सात रोड गाई खाऊन टाकतात आणि योसेफ त्याचा अर्थ सात वर्षं सुकाळ, सात वर्षं दुष्काळ असा लावतो. इंग्रजीत वाईट दिवसांना ‘लीन इयर्स’ म्हणतात त्यामागे ही गोष्ट आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा फरक. थिन माणूस लीन असतोच असं नाही, आणि याचा पुरावा थेट पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. समजा दोघांचं वजन ६५ किलो धरलं, तर एकाच्या अंगावर सुमारे ६ किलो चरबी आणि दुसऱ्याच्या अंगावर जवळजवळ १४ किलो. वजनकाट्याला आणि शिंप्याच्या टेपला दोघंही ‘थिन’. ‘लीन’ मात्र एकच. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांवरही हेच दाखवलं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडची बाळं स्नायूंनी बरीच कमी भरली, पण त्वचेखालच्या चरबीत तितकी मागे नव्हती. ‘थिन-फॅट’ हा शब्दप्रयोग त्यातून रूढ झाला. ‘लीन-फॅट’ असं कुणीही म्हणणार नाही, कारण ते ‘कोरडा ओला’ म्हटल्यासारखं होईल.

गंमत म्हणजे डॉक्टर लोकच हा नियम मोडतात. ‘लीन पीसीओएस’ (बायकांमधला संप्रेरकांचा एक विकार), ‘लीन फॅटी लिव्हर’ ही नावं रिपोर्टवर दिसतात. तिथे ‘लीन’चा अर्थ केवळ बीएमआय कमी, म्हणजे आशियाई लोकांसाठी साधारण २३च्या खाली (पाश्चात्त्य मोजमापात २५च्या खाली) असा असतो. अंगात चरबी कमी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. उलट यकृतात चरबी साठली म्हणून तर रिपोर्ट हातात आलेला असतो. रिपोर्टवर ‘लीन’ वाचून निश्चिंत होणारे बरेच भेटतात. तिथे ‘वजनाने बारीक’ एवढंच वाचावं.

जिममध्ये दुसरी गल्लत होते. ‘लीन बॉडी मास’ म्हणजे एकूण वजनातून चरबी वजा करून जे उरतं ते. ७० किलोच्या माणसात २० टक्के चरबी असेल तर चरबी १४ किलो आणि लीन मास ५६ किलो. हे ५६ किलो म्हणजे सगळे स्नायू नव्हेत. त्यात हाडं, यकृत, मेंदू, रक्त, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे पाणी येतं. म्हणून दोन दिवस कमी पाणी प्यायलं आणि मशीनवर ‘लीन मास’ किलोभर घटलेला दिसला, तर स्नायू वितळले असं समजून प्रोटीनचा डबा आणायला पळू नये. पायाखालच्या पट्ट्यांतून वीज सोडून मोजणारी मशीनं पाण्याच्या प्रमाणावरच अंदाज बांधतात, त्यामुळे आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो. ‘लीन मसल’ हा जाहिरातीतला शब्द तर शोभेचा आहे. स्नायूंचे लीन आणि फॅट असे दोन प्रकार व्यायामाने निवडता येत नाहीत. स्नायू वाढतो तो वाढतो, चरबी कमी होते ती वेगळी.

मटणाच्या दुकानात ‘लीन’ शब्द कुणी वापरत नाही. ‘चरबी काढून द्या’ किंवा ‘रानाचं (म्हणजे मांडीचं) द्या’ म्हटलं की काम होतं. परदेशातल्या मराठी घरांत मात्र खिम्याच्या पाकिटावर ‘९३ टक्के लीन, ७ टक्के फॅट’ असं छापलेलं असतं आणि ते वाचताना चूक होते. हे टक्के वजनाचे आहेत, उष्मांकाचे नाहीत. ९३ टक्के लीन म्हणजे ९३ टक्के प्रथिनं तर मुळीच नव्हे. त्या ९३ भागांत बहुतेक पाणीच असतं. अशा १०० ग्रॅम कच्च्या बीफच्या खिम्यात प्रथिनं साधारण २१ ग्रॅम, चरबी ७ ग्रॅम, उष्मांक सुमारे १५०. त्यातले ६३ उष्मांक एकट्या चरबीतून येतात, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त.

शिवाय अमेरिकेत ‘लीन’ नुसता लिहायचा तर त्याला सरकारी मोजमाप आहे: १०० ग्रॅममध्ये एकूण चरबी १० ग्रॅमहून कमी, संपृक्त चरबी ४.५ ग्रॅमपर्यंत आणि कोलेस्टेरॉल ९५ मिलिग्रॅमहून कमी. ‘एक्स्ट्रा लीन’साठी चरबी ५ ग्रॅमहून कमी आणि संपृक्त चरबी २ ग्रॅमहून कमी लागते. आता ‘८० टक्के लीन’ लिहिलेल्या पाकिटाकडे बघा. त्यात चरबी २० ग्रॅम, म्हणजे ‘लीन’च्या मर्यादेच्या दुप्पट. शब्द तोच, टक्क्यांसोबत आला की वर्णन आणि एकटा आला की दर्जा.

असा लीन खिमा कबाबाला घेतला की कबाब कोरडे पडतात, कारण खाताना लागणारा ओलावा बराचसा चरबी पुरवते. अर्धा किलोला एक-दोन चमचे तेल किंवा तूप आणि भिजवून पिळलेला पावाचा एक तुकडा मिसळला तर निभावतं. कोंबडीच्या छातीचा तुकडा चिवट होतो त्याचंही कारण हेच: आतलं तापमान ७४ अंश झालं की तो शिजलेला असतो, त्यापुढे पाणी बाहेर पडत राहतं आणि ते झाकायला चरबी नसते. इंग्रजी पाककृतीत ‘लीन कट’ वाचलं की ‘कमी वेळ शिजवा किंवा रसात शिजवा’ ही सूचना त्यातच आली असं धरावं.

गॅरेजमध्ये ‘लीन’ची जोडी ‘रिच’शी लागते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा त्याहून जास्त, म्हणजे पेट्रोल कमी, तर मिश्रण लीन. उलट झालं तर रिच. लीन चाललेल्या इंजिनाचा प्लग काढला तर टोक पांढुरकं दिसतं, रिच असेल तर काजळी धरलेलं, आणि ठीक असेल तर विटकरी-तपकिरी. लीन गाडी पिकअप घेताना अडखळते, तापते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफटते. फार दिवस तशी चालवली तर पिस्टनपर्यंत प्रकरण जातं.

कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटरसायकलींवर इथे एक ठरलेला घोळ होतो. मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: आत फिरवला की पेट्रोल कमी, मिश्रण लीन. तोच एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की हवा कमी, मिश्रण रिच. कुठला स्क्रू आहे हे न बघता ‘अर्धा फेरा आत घे’ असा सल्ला पाळला की आजार दुप्पट. सुरुवात म्हणून स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून दीड ते दोन फेरे बाहेर घेतात आणि तिथून जुळवतात. वीस टक्के एथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून हा शब्द पुन्हा कानावर येतो, कारण एथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्या पेट्रोलला हवा साधारण १३.५ भागच पुरते, आणि जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं छिद्र) हवा मात्र पूर्वीइतकीच आत येते. परिणामी मिश्रण लीनकडे सरकतं. नव्या इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरवरून पेट्रोल वाढवून घेतात. तेही पुरेनासं झालं की चारचाकीच्या स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड येतो, ‘सिस्टिम टू लीन’. त्याचं भाषांतर ‘यंत्रणा फार बारीक’ असं करणारी ॲपं आहेत. खरं दुखणं बहुतेकदा फाटलेली व्हॅक्यूमची नळी, मळलेला हवेचा सेन्सर किंवा दमलेला पेट्रोल पंप यांपैकी एक असतं.

बांधकामात ‘लीन काँक्रीट’ म्हणजे सिमेंट कमी असलेलं काँक्रीट. पायाखाली जो पीसीसीचा, म्हणजे सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटचा, थर घालतात, त्याला १:४:८ असं प्रमाण चालतं: एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी. स्लॅबच्या १:१.५:३ शेजारी ठेवलं की फरक दिसतो. काँक्रीटचे रस्ते होतात तिथे खाली ‘ड्राय लीन काँक्रीट’चा थर असतो, ज्याला साइटवर सगळे ‘डीएलसी’ म्हणतात. इथे ‘लीन’ ना शिवी ना कौतुक. त्या थराला सपाट आणि घट्ट बैठक द्यायची असते, भार पेलायचं मुख्य काम वरचा थर करतो. ‘लीन’ला ‘हलक्या प्रतीचं’ समजून ठेकेदाराशी भांडण काढू नये; नकाशात जिथे लीन लिहिलंय तिथेच ते घातलंय ना, एवढं मात्र बघावं.

मातीच्या अहवालात तर ‘लीन क्ले’ आणि ‘फॅट क्ले’ असे सरळ दोन वर्ग आहेत. माती किती पाणी घेतल्यावर वाहू लागते तो आकडा, म्हणजे लिक्विड लिमिट, ५०च्या खाली असेल तर लीन, ५० किंवा वर असेल तर फॅट. ही अमेरिकी पद्धत आहे. आपल्याकडच्या मानकात ३५ आणि ५० अशा दोन रेषा ओढून मधला एक वर्ग जास्त केला आहे. दख्खनची काळी माती बहुतेक ठिकाणी ‘फॅट’ निघते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. बंगला बांधणाऱ्याला अहवालात ‘लीन’ शब्द दिसला तर ती बहुधा आनंदाची बातमी असते.

दुग्धव्यवसायात आपल्याकडे ‘लीन’ला खरोखरीचं मराठी भाषांतर आहे आणि ते रुळलेलंही आहे. ‘फ्लश सीझन’ला पुष्टकाळ आणि ‘लीन सीझन’ला कृशकाळ म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटापासून म्हशी व्यायला लागतात, हिरवा चारा असतो, थंडीत दूध वाढतं. ऊन चढलं की आटतं. पुष्टकाळात जास्तीच्या दुधाची भुकटी आणि लोणी करून ठेवायचं आणि कृशकाळात तूट भरायची, असं सगळं गणित असतं. ‘कृश’ हा इथे इतका नीट बसला आहे की तो शब्द बाकीच्या क्षेत्रांनीही उचलायला हरकत नव्हती.

पर्यटनात ते जमत नाही. गोव्यातला जून ते सप्टेंबर हा हॉटेलवाल्यांचा ‘लीन सीझन’, तिथे आपण ‘मंदीचा मोसम’ म्हणतो. ‘ऑफ सीझन’शी त्याचा फरक आहे: ‘ऑफ’ हे दिनदर्शिकेवरून ठरतं, ‘लीन’ हे गल्ल्यावरून. आणि ‘लीन’ म्हणायला थोडं तरी यावं लागतं. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी लागते, त्या काळाला ट्रॉलरवाल्यासाठी ‘लीन’ म्हणणं चूक, कारण जाळंच पाण्यात पडत नाही. बंदी उठल्यावर जाळी टाकूनही टोपल्या भरल्या नाहीत, तर तो हंगाम लीन.

हाच बारकावा क्रिकेटमधल्या ‘लीन पॅच’ला लागू. धावा करून दाखवलेल्या फलंदाजाच्या धावा आटल्या तरच लीन पॅच. पहिल्या तिन्ही सामन्यांत शून्यावर गेलेल्या नवख्याला तो शब्द लावता येत नाही. त्याचा ‘पॅच’ कुठल्या कापडावर लावणार? मराठीत ‘धावांचा दुष्काळ’ बरोबर बसतो, कारण दुष्काळालाही आधी सुकाळ लागतो. क्रियापदं ठरलेली: लीन पॅचमधून ‘जातात’, तो ‘संपवतात’. ‘लीन फॉर्म’ कानाला खटकतं, तिथे ‘पुअर फॉर्म’ म्हणावं.

चाकण-पिंपरीकडच्या कारखान्यांत ‘लीन’ हे नामच होऊन बसलंय. ‘आमच्याकडे लीन चालू आहे’ असं वाक्य सर्रास ऐकू येतं. १९८८ साली जॉन क्राफ्चिक यांनी टोयोटाच्या पद्धतीवर लेख लिहिताना हा शब्द उत्पादनाला लावला. त्यांनी त्याच्यासमोर ठेवलेला शब्द होता ‘बफर्ड’, म्हणजे अडीअडचणीसाठी साठे करून ठेवणारा. तेव्हा इथली ‘चरबी’ म्हणजे गोदामातला जादा माल, दोन मशीनांमध्ये ताटकळणारे सुटे भाग, विनाकारण फेऱ्या, पुन्हापुन्हा करावं लागणारं काम. माणसं ही चरबी नव्हे. पण नोकरीच्या जाहिरातीत ‘वी आर अ लीन टीम’ दिसलं तर पद्धतीचा संबंध सोडून द्या. माणसं कमी आहेत आणि दोघांचं काम एकाला करावं लागेल असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

‘लीन’ जिथे चालत नाही त्या जागा थोडक्यात. आशा कमी असेल तर ‘स्लिम चान्स’. निवडणुकीत थोडक्यात बहुमत मिळालं तर ‘स्लेंडर’ किंवा ‘स्लिम मेजॉरिटी’. सबब तकलादू असेल तर ‘थिन एक्सक्यूज’. केस विरळ झाले तर ‘थिनिंग हेअर’. नफा कमी सुटत असेल तर ‘थिन मार्जिन’ नेहमीचं, ‘लीन मार्जिन’ही दिसतं. अंदाजपत्रकाला मात्र ‘लीन बजेट’ उत्तम, कारण तिथे काटछाट करता येण्यासारखी चरबी असते.

रूपं साधी आहेत: लीनर, लीनेस्ट, नाम लीननेस. टेकणे या अर्थाचं ‘लीन’ हे क्रियापद दिसायला सारखं असलं तरी त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या निराळ्याच शब्दात आहे, तेव्हा पिसाच्या कललेल्या मनोऱ्यात आणि काटक धावपटूत नातं शोधू नये. आपला विठ्ठलचरणी होणारा ‘लीन’ तर संस्कृतातून आलेला तिसराच. चौथा बँकेच्या एसएमएसमध्ये येतो. खात्यावर ‘लीन मार्क’ झालं म्हणजे ती रक्कम कर्जापोटी, दंडापोटी किंवा एखाद्या आदेशामुळे अडकवून ठेवली आहे, तुम्हाला काढता येणार नाही. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग वेगळं, ‘आय’ आधी आणि ‘ई’ नंतर. शिल्लक जागच्या जागी दिसते, वापरता येणारी रक्कम मात्र घटलेली असते. असा संदेश आला तर शाखेत जाऊन कुणी आणि कशासाठी लावलं हे आधी विचारावं, आणि सोडवल्यावर लेखी घ्यावं.